हेलिकॉप्टरमधून मोबाईलवर फोटो काढताय? आधी हे वाचा

केदारनाथची फेरी असो किंवा परदेशातली जॉयराइड, हेलिकॉप्टरमध्ये बसल्यावर पहिला हात मोबाईलकडेच जातो. पण खाली उतरून बघितलं की अर्धे फोटो पुसट असतात. असं का होतं?

हिशोब सोपा आहे

समजा हेलिकॉप्टर ताशी 180 किमी वेगाने जातंय, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. शटर 1/50 सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात हेलिकॉप्टर 1 मीटर पुढे गेलेलं असतं. 500 मीटरवरून 12 मेगापिक्सेलच्या मेन कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण 17 सेंमी जमीन टिपतो. म्हणजे प्रत्येक झाड, प्रत्येक छप्पर पाच-सहा पिक्सेल फरपटतं. शटर 1/1000 ठेवलं की हा सरकाव फक्त 5 सेंमी, एका पिक्सेलपेक्षाही कमी. शिवाय इंजिनची थरथर वेगळीच. तीही वेगवान शटरनेच आटोक्यात येते.

मग सेटिंग काय ठेवायचं?

भर उन्हात ऑटो मोड पुरेसा आहे, फोन स्वतःच शटर वेगवान ठेवतो. खरी अडचण सकाळी आणि संध्याकाळी येते, आणि डोंगरदऱ्या सुंदर दिसतात त्या नेमक्या तेव्हाच! अशा वेळी मी प्रो मोडमध्ये शटर 1/1000 लॉक करतो आणि आयएसओ 400 ते 800 पर्यंत जाऊ देतो. थोडे दाणे आले तरी चालतील, पुसट फोटो मात्र नंतर सुधारत नाही. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर सेट करता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं.

नाईट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम जोडतो, तोवर खालचा देखावाच बदललेला असतो. झूमही टाळा, कारण 3एक्स झूमला हलणं तिप्पट दिसतं.

काच आणि थरथर

फोन काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. कोपरही खिडकीच्या चौकटीवर नको, अंगाशी धरा. नाहीतर सगळी थरथर थेट फोनमध्ये येते. गडद कपडे घातले तर काचेत तुमचंच प्रतिबिंब कमी दिसतं.

दार उघडं असेल तर

परदेशात काही ठिकाणी दारं काढून फोटोसाठी उड्डाणं होतात. 11 मार्च 2018 ला न्यूयॉर्कमध्ये अशाच एका उड्डाणात एका प्रवाशाच्या हार्नेसचा पट्टा इंधन बंद करण्याच्या लिव्हरमध्ये अडकला आणि इंजिन बंद पडलं. हेलिकॉप्टर ईस्ट नदीत उतरून उलटलं. पायलट बाहेर पडला, पण पाचही प्रवासी हार्नेसमधून सुटू शकले नाहीत आणि बुडाले. त्यानंतर पटकन सुटत नाही असा हार्नेस वापरून होणारी उघड्या दाराची उड्डाणं अमेरिकेत थांबवण्यात आली.

म्हणून उड्डाणाआधी हार्नेस कसा सुटतो ते विचारा आणि एकदा स्वतःच्या हाताने सोडून बघा. ते जमत नसेल तर सरळ नाही म्हणा. मोबाईल दोरीने मनगटाला बांधा. टोपी, लेन्स कॅप, सुटं काहीही नको, उडून मागच्या पंख्यात गेलं तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल.

आणि भारतात असाल तर कॅमेरा काढण्याआधी पायलटला विचाराच, कारण हवेतून फोटो काढण्यावर इथे डीजीसीएचे नियम आहेत.