मणक्याचा मार आणि भरपाईचा दावा

२१ ऑक्टोबर २०२० रोजी कोंडाईबारी घाटात सुरतेकडे निघालेली खासगी बस पुलावरून खाली कोसळली. पाच जण दगावले, तीसहून अधिक जखमी झाले. अशा वेळी बातमी मृतांची होते. जखमींपैकी कोण कायमचा खाटेला खिळला, हे पुढे कोणी विचारत नाही. चांदसैलीचा घाट असो की ऊसतोडीला गुजरातेत निघालेली ट्रॉली, मणक्याला मार बसला की घरचा कमावता हात जातो.

मणक्याच्या आतून मज्जारज्जू जातो. तो चेपला की त्याखालची हालचाल, संवेदना आणि लघवी-संडासवरचा ताबा जातो. जखमीला पाय हलवता येत नसतील, मुंग्या येत असतील किंवा मान-पाठ दुखत असेल, तर चौघांनी हातपाय धरून उचलू नये. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे आणि १०८ ला फोन करावा. हाडवैद्याकडे चोळायला तर मुळीच नेऊ नये.

घरी आणलेला रुग्ण पुढे दगावतो तो बहुधा पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा रोज पाहा, त्वचा लाल दिसली तर त्या जागेवर भार देऊ नका. थंडीत पायाशी गरम वीट ठेवण्याची आपली सवय इथे घात करते. रुग्णाला चटका कळतच नाही.

आता पैशांचे. वाहनमालक दवाखान्यात येतो, वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर सही मागतो. सही करू नका. हिशोब करून पाहा. समजा २८ वर्षांचा मजूर महिना १२,००० कमावत होता आणि आता काहीच करू शकत नाही. न्यायालये या वयाला १७ चा गुणक लावतात. म्हणजे २४,४८,००० रुपये. त्यात पुढे वाढली असती त्या मजुरीचे ४० टक्के धरले तर ३४,२७,२०० होतात. उपचार, वेदना आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळाच. बायको किंवा आई फुकट सेवा करते म्हणून ती रक्कम सोडायची नसते. २०२० च्या काजल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनीसांचे महिना १०,००० रुपये धरून १८ चा गुणक लावला होता.

दाखल्यावरच्या टक्क्यांनीही घाबरू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात (२०१०) न्यायालयाने सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान एकच नसते. हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची कदाचित जात नाही.

अपघात गुजरातेत झाला तरी दावा नंदुरबारला, म्हणजे आपण राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ती उलटली असली तरी घरी बसू नका, वकिलाला विचारा. ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा मालाच्या पिकअपमध्ये बसलेल्यांचे पैसे द्यायला विमा कंपनी सहसा नकार देते. तरीही मालकावर दावा राहतोच. कंपनीने आधी रक्कम भरावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असेही आदेश काही वेळा होतात.

आमच्या पाहण्यात दावा बुडतो तो केसपेपरवरच्या एका ओळीने. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून नातेवाईक ‘घरी पडला’ असे लिहून देतात. पहिल्याच नोंदीत वाहनाचा अपघात, जागा, वेळ आणि वाहनाचा नंबर आला पाहिजे. एफआयआर, पंचनामा, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळे एका पिशवीत ठेवा.

दवाखान्याच्या चुकीलाही भरपाई असते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये १९९० साली तपासणीपुरती संमती दिलेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या छातीतील गाठच काढली गेली आणि त्याचे दोन्ही पाय गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक कोटी रुपये मंजूर केले. खटला त्याने स्वतः चालवला. मात्र एकोणीस वर्षे गेली.

वकिलाला पैसे नाहीत, हे कारण उरलेले नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना वकील मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातीत येतात, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्या. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन १५१००.