शैलीविश्लेषणाचे अध्यापन

लेखकाने केलेल्या भाषेच्या वापराचे स्वरूप व कार्य विद्यार्थ्याला स्वतःच्या वाचनातून ओळखता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण. लेखकाचे चरित्र, त्याचा काळ आणि कृतीचा आशय यांची माहिती देणे हा साहित्याच्या अध्यापनाचा एक भाग होय. लेखकाने अमुकच शब्द व अमुकच वाक्यरचना का योजिली, तिच्या जागी दुसरी आली असती तर काय बदलले असते, हे पाहावयास शिकविणे हा दुसरा. पहिला भाग व्याख्यानाने साधतो. दुसरा मात्र विद्यार्थ्याने स्वतः केल्याखेरीज साधत नाही आणि म्हणूनच तो वर्गात बहुधा मागे पडतो.

या दृष्टीचे बीज भारतीय परंपरेत जुने आहे. काश्मीरी आचार्य कुंतक याने वक्रोक्तिजीवित या ग्रंथात वर्णविन्यासापासून संपूर्ण प्रबंधापर्यंत वक्रतेचे सहा प्रकार सांगितले. त्याची विवेचनपद्धती आजच्या शिक्षकालाही उपयोगी पडेल अशी आहे. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शिव पार्वतीपुढे शिवाचीच निंदा करतो, तेथे ‘कपाली’ हा शब्द आला आहे. शिवाचे वाचक असे सहस्र शब्द उपलब्ध असताना कवीने कवटी धारण करणारा हाच का निवडला, असे कुंतक विचारतो. जुगुप्सा उत्पन्न करणे हे बोलणाऱ्याचे प्रयोजन आहे आणि ते अन्य नावाने साधले नसते, असे त्याचे उत्तर आहे. नाकारलेल्या पर्यायांच्या संदर्भात निवडलेल्या शब्दाचे मोल ठरविणे, हेच शैलीविश्लेषणाचे मूळ सूत्र म्हणता येईल.

आधुनिक काळात या अध्यापनाला निश्चित वळण लागले ते केंब्रिज विद्यापीठात. तेथे १९१७ मध्ये इंग्रजी साहित्याच्या स्वतंत्र पदवी परीक्षेस मान्यता मिळाली आणि पुढील दशकात आय्‌. ए. रिचर्ड्‌स (१८९३–१९७९) याने एक प्रयोग केला. कवीचे नाव व काळ न सांगता त्याने विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, त्या पुनःपुन्हा वाचण्यास आठवड्याचा अवधी दिला आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. तेरा कवितांवरील अशा अभिप्रायांची चिकित्सा प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) या ग्रंथात आहे. तिचा निष्कर्ष धक्कादायक होता : चांगले शिक्षण घेतलेल्या अनेकांना कवितेचा सरळ वाच्यार्थही नीट लागत नव्हता. प्रसिद्ध नावाचा आधार काढून घेताच डन व हॉपकिन्झ यांच्याही कवितांना कित्येकांनी कमी लेखले. साचेबंद प्रतिक्रिया, कवितेशी संबंध नसलेल्या वैयक्तिक आठवणी, भावविवशता व तिच्या उलट भावनेचा संकोच, पूर्वग्रहातून आलेल्या तांत्रिक अपेक्षा असे अडथळे रिचर्ड्‌सने नोंदविले. वाच्यार्थ, भावना, श्रोत्याविषयीचा सूर व हेतू असे अर्थाचे चार पदरही त्याने वेगळे केले.

डी. एच्‌. लॉरेन्सच्या ‘पियानो’ या कवितेवरील अभिप्राय या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. संध्याकाळी एक स्त्री गात असता निवेदकाला आपले बालपण व पियानोशी बसलेली आई आठवते आणि तो रडू लागतो. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ही कविता नापसंत केली. ती भाबडी व भावविवश आहे, हा अनेकांचा आक्षेप होता. वस्तुतः हे स्मरण आपल्या इच्छेविरुद्ध घडते आहे, हे गाणे आपल्याला दगा देत आहे, असे निवेदकच सांगतो. भावनेला शरण जाणे आणि तिला विरोध करणे ही दोन्ही त्या शब्दयोजनेत एकत्र आहेत. आई, बालपण, अश्रू एवढे पाहून ज्यांनी निवाडा दिला, त्यांनी कवितेतील क्रियापदे वाचलीच नव्हती.

रिचर्ड्‌सचा शिष्य विल्यम एम्पसन याचा सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्यूइटी (१९३०) हा ग्रंथ आणि अमेरिकेत क्लीअँथ ब्रुक्स व रॉबर्ट पेन वॉरन यांचे अंडरस्टँडिंग पोएट्री (१९३८) हे पाठ्यपुस्तक यांमुळे ही सूक्ष्म वाचनाची पद्धती महाविद्यालयांत रूढ झाली. तथापि तिच्यात वाचकाच्या संवेदनक्षमतेवर फार भिस्त होती. ज्याला ती उपजत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर भाषाविज्ञानाने देण्याचा प्रयत्न केला.

एम्‌. ए. के. हॅलिडे याने १९७१ मध्ये विल्यम गोल्डिंगच्या द इन्हेरिटर्स (१९५५) या कादंबरीवर लिहिलेला निबंध हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कादंबरीचा बराचसा भाग लोक नावाच्या निअँडरथल मानवाच्या दृष्टीतून येतो. परका माणूस धनुष्य ओढतो, तेव्हा लोकला दिसते ते एवढेच, की एक काठी दोन्ही टोकांकडून आखूड झाली आणि पुन्हा लांब झाली. अशा उताऱ्यांत सकर्मक क्रियापदे विरळ असून कर्ते पुष्कळदा निर्जीव वस्तू वा शरीराचे अवयव आहेत, हे हॅलिडेने दाखविले. कोणी कशावर तरी क्रिया करतो, ही कार्यकारणाची जाणीवच त्या जगात क्षीण आहे आणि ती क्षीणता व्याकरणातून व्यक्त होते.

मराठी विद्यार्थ्याला हे सहज पटविता येते. ‘त्याने कप फोडला’, ‘त्याच्या हातून कप फुटला’ आणि ‘कप फुटला’ या तीन वाक्यांत घटना एक, पण दोषाचे वाटप निरनिराळे आहे. तसेच ‘तो मेला’, ‘ते गेले’, ‘ते कैलासवासी झाले’ यांचे. संवादात मध्येच ‘तू’चे ‘आपण’ झाले, तर पात्रांमधील अंतर केवढे वाढते, हे नाटकाच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ते बदल टिपण्याची सवय लावावी लागते.

भाषावैज्ञानिक पद्धतीलाही मर्यादा आहेत. रोमान याकॉबसन व क्लोद लेव्ही-स्ट्रोस यांनी १९६२ मध्ये बोदलेअरच्या मांजरांवरील सुनीताचे अत्यंत बारकाईने व्याकरणिक विश्लेषण केले. त्यातील पुष्कळ समांतर रचना कोणत्याही वाचकाला जाणवणारच नाहीत, असा आक्षेप मायकेल रिफातेर याने १९६६ मध्ये घेतला. स्टॅन्ली फिश याने १९७३ मध्ये आणखी मूलगामी शंका उपस्थित केली : व्याकरणाच्या नोंदीतून अर्थ आपोआप निघत नाही, अभ्यासक तो आधीच मनात धरून बसलेला असतो. हा आक्षेप वर्गातही लागू पडतो. अनुप्रास सात वेळा आला, हे मोजणारा विद्यार्थी परिश्रमी खरा. पण त्या मोजणीने अर्थात काय भर पडली हे त्याला सांगता आले नाही, तर ते श्रम हिशेबनिसाचे ठरतात.

एच्‌. जी. विडोसन याने स्टायलिस्टिक्स अँड द टीचिंग ऑफ लिटरेचर (१९७५) मध्ये हा विषय भाषाशिक्षण व साहित्यशिक्षण यांना जोडणारा दुवा मानला. वर्गात उपयोगी पडणाऱ्या रीती साध्या आहेत. उताऱ्यातील एक शब्द गाळून विद्यार्थ्यांकडून पर्याय मागवावेत व मग मूळ शब्द दाखवावा. प्रथमपुरुषी निवेदन तृतीयपुरुषी करून काय हरवले ते विचारावे. एकाच प्रसंगाची वर्तमानपत्रातील बातमी आणि कथेतील वर्णन शेजारी ठेवावे. मोठ्याने वाचन करणे ही रीत सर्वांत जुनी. वाक्य कोठे थांबते व कोठे रेंगाळते, हे कानाला डोळ्यांआधी कळते.

मराठीत साहित्यभाषेच्या अभ्यासाला भालचंद्र नेमाडे यांच्या साहित्याची भाषा (१९८७) यासारख्या ग्रंथांचा आधार आहे. शालेय पातळीवर मात्र हे शिक्षण मुख्यतः ‘रसग्रहण’ या प्रश्नप्रकारातून पोहोचते. हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील कवितेवर येतो आणि तयार रसग्रहणे बाजारात मिळतात. त्यामुळे ‘शब्दरचना साधी व ओघवती आहे’ यासारखी कोणत्याही कवितेस लागू पडणारी वाक्ये उत्तरपत्रिकांत फिरत राहतात. निनावी व अपठित उतारा देऊन रिचर्ड्‌सची युक्ती येथेही वापरता येईल. परंतु तसे केल्यास एकाच उताऱ्याची दोन भिन्न, तरीही साधार उत्तरे येणार हे गृहीत धरून परीक्षकाला गुण निष्कर्षाला न देता त्यामागील शब्दांच्या पुराव्याला द्यावे लागतात. ठरीव आदर्श उत्तराशी ताडून तपासणी करण्याच्या पद्धतीत हे बसत नाही.