वेग वाढला की ट्यूब बदलते

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीतला चोक कधी हातात घेतला असेल, तर त्याचं वजन आठवत असेल. ही जड वस्तू तिथे लागते, कारण ट्यूबला स्वतःला आवरता येत नाही. साध्या तारेत जास्त प्रवाह हवा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. ट्यूबमध्ये उलटं घडतं. प्रवाह वाढला की वायूतले मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, वाट सोपी होते आणि लागणारं व्होल्टेज उतरतं. चोक नसेल तर प्रवाह बेफाम वाढेल.

घरातल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर हा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. शून्याजवळच्या त्या अवधीत बरेच इलेक्ट्रॉन काचेकडे सरकून आयनांशी जुळतात, म्हणून ट्यूब दर वेळी जणू नव्याने पेटते. इलेक्ट्रॉनिक चोक प्रवाहाची दिशा सेकंदाला 40 हजारांहून अधिक वेळा उलटवतो. इलेक्ट्रॉनांना काचेपर्यंत पोचायला साधारण मिलिसेकंदाच्या घरातला वेळ लागतो. इथे अर्धं आवर्तन 25 मायक्रोसेकंदांच्या आत संपतं. त्यांची गर्दी ओसरतच नाही. अशा वेळी हट्टी ट्यूब साध्या रोधासारखी वागू लागते आणि तेवढ्याच विजेत सुमारे 10 टक्के जास्त उजेड देते.

28 वॅटची बारीक टी-5 ट्यूब घ्या. 0.17 अँपिअर आणि सुमारे 165 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ 1000 ओहम. मग संगणकावर चोकचं सर्किट तपासताना ट्यूबच्या जागी 1000 ओहमचा रोध ठेवला की काम झालं? पूर्ण उजेडापुरतं, हो. उजेड मंद करायला गेलं की फसगत होते. प्रवाह निम्मा केला तर व्होल्टेज उतरण्याऐवजी थोडं चढतं, म्हणजे रोध दुपटीहून जास्त होतो. जुना हट्ट गेलेला नसतो, फक्त मंद गतीच्या बदलांत दडलेला असतो.

म्हणून ट्यूबचं चांगलं गणिती मॉडेल दोन गती एकत्र सांभाळतं. एका आवर्तनापुरता रोध स्थिर. पण सरासरी वॅट बदलले की तो सुमारे मिलिसेकंदाच्या विलंबाने नव्या आकड्याकडे सरकतो. मला हा विलंब या साऱ्या गणितातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण एका लहानशा समीकरणात नळीतल्या इलेक्ट्रॉनांचा काचेपर्यंतचा प्रवास मावतो. तो वगळला तर संगणकावर स्थिर दिसणारं सर्किट प्रत्यक्षात मंद उजेडात थरथरतं, कधी ट्यूब विझूनच जाते.

ट्यूबच्या टोकांच्या फिलामेंटचा, म्हणजे तापणाऱ्या तारेचा, हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पेटण्याआधी ती पुरेशी तापली का, हे तिच्याच रोधावरून कळतं: थंड असतानाच्या साधारण चार ते पाच पट झाला की तयारी पुरी. ही वाट न पाहता ट्यूबवर एकदम मोठं व्होल्टेज घातलं, तर इलेक्ट्रॉन सोडणारा फिलामेंटवरचा लेप उडतो आणि आतून काचेवर बसतो. जुन्या ट्यूबच्या टोकांना काळे पट्टे दिसतात, ते मुख्यतः या उडालेल्या लेपामुळे.