चाकांवरची घरे आणि महामार्गांवरील निचरा-केंद्रे

गावात घर बांधावयाचे झाले, तर संडासाची जागा कोणती आणि तेथील मैला कोठे जाणार, हे पायाभरणीपूर्वीच ठरवावे लागते. परंतु घरच चाकांवर बसवून रोज नव्या मुक्कामी नेले, तर हा प्रश्नही रोज नव्याने उभा राहतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत अशा फिरत्या घरांतून लक्षावधी लोक प्रवास करतात. त्यांपैकी काही घरे मोटारीमागे जोडून ओढली जातात, तर काहींत मोटार आणि घर एकत्रच असतात. निजण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची आणि शौचाची सोय त्यांत असते. ही हौस जुनी आहे. १९१० साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पियर्स-ॲरो कंपनीने मांडलेल्या गाडीत मागील आसनाची शय्या होत असे, चालकाच्या पाठीमागे उघडमीट होणारे हात धुण्याचे पात्र होते आणि शौचपात्रही होते. पुढे रस्ते सुधारले, गाड्या मोठ्या झाल्या आणि त्यांबरोबर मैल्याचा प्रश्नही मोठा झाला. त्यास या देशांनी शोधलेले उत्तर म्हणजे महामार्गांवरील मैला-निचरा केंद्रे होत. अमेरिकेत त्यांस ‘डंप स्टेशन’, तर ऑस्ट्रेलियात ‘डंप पॉइंट’ असे म्हणतात.

वाहनातील तीन टाक्या

या केंद्रांचे काम समजण्यासाठी प्रथम वाहनाची अंतर्गत व्यवस्था पाहावयास हवी. मोठ्या वाहनात सामान्यतः तीन टाक्या असतात. पहिलीत पिण्याचे व वापरण्याचे स्वच्छ पाणी असते. दुसरीत स्नानाचे व भांडी धुतलेले सांडपाणी जमते. तिसरीत केवळ संडासातील मैला साठतो. अमेरिकन वाहनांत ही तिसरी टाकी गाडीच्या तळाशी कायमची बसविलेली असते आणि तिच्यात साधारणपणे ७५ ते १५० लिटर मैलापाणी मावते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व युरोपात मात्र १७ ते २० लिटरांची सुटी पेटी अधिक प्रचलित आहे. ती गाडीच्या बाजूच्या झडपेतून बाहेर काढून हाताने नेता येते. दोन माणसांस अशी पेटी दोन ते तीन दिवस पुरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. घरातील संडासात प्रत्येक वेळी कित्येक लिटर पाणी ओतले जाते. फिरत्या घरात जागा आणि पाणी दोन्ही तुटपुंजी असल्याने अर्ध्या-एक लिटरात काम भागविले जाते. त्यामुळे टाकीतील मैला गावच्या गटारातील मैलापाण्यापेक्षा कित्येक पटींनी दाट व तीव्र असतो. एका गाडीतील मैला आकारमानाने थोडा दिसला, तरी तो उघड्यावर किंवा ओढ्यात सोडल्यास होणारी हानी थोडी नसते.

केंद्राची रचना आणि शिस्त

निचरा-केंद्राची रचना अत्यंत साधी असते. रस्त्यालगत गाडी उभी राहील एवढा सिमेंट-काँक्रीटचा चौथरा, त्यास मध्यभागी उतार आणि उताराच्या तळाशी झाकण असलेले तोंड एवढेच त्याचे मुख्य अंग होय. झाकण बहुधा पायाने उघडता येते, म्हणजे हाताचा स्पर्श टळतो. तोंडाखालील नळाच्या वाकात पाणी साचून राहते आणि दुर्गंधी वर येत नाही. तेथून नळ गावच्या भुयारी गटारास किंवा केंद्राच्या स्वतंत्र टाकीस जोडलेला असतो. चौथरा धुण्यासाठी एक नळी ठेवलेली असते.

प्रवाशाने पाळावयाचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम मैल्याची टाकी रिकामी करावयाची आणि नंतर सांडपाण्याची. सांडपाणी मागाहून सोडल्याने त्याच नळीतील मैला आपोआप धुऊन निघतो. सर्वांत कडक नियम पाण्याविषयी आहे. धुण्याच्या नळाचे पाणी पिण्यास योग्य नाही, असा फलक तेथे लावलेला असतो, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ असल्यास तो दूर व वेगळा ठेवतात. मैल्याची नळी धुण्यासाठी कोणी पिण्याच्या नळाशी गेला, तर त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे आरोग्य धोक्यात येते.

केंद्राचा शोध

केंद्र कितीही उत्तम बांधले, तरी ते वेळेवर सापडले नाही तर त्याचा उपयोग शून्य. टाकी भरत आली आहे, अंधार पडला आहे आणि पुढील गाव दूर आहे, अशा वेळी माणसाची सचोटी कसोटीस लागते. यास्तव केंद्राची माहिती देणे हा या व्यवस्थेचा केंद्र बांधण्याइतकाच महत्त्वाचा भाग मानला जातो.

अमेरिकेत रस्त्यावरील खुणांसाठी राष्ट्रीय नियमपुस्तिका आहे. तीत या केंद्रासाठी निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चित्र नेमलेले आहे. वाहन आणि त्याच्या तळातून खाली उतरणारी नळी असे ते चित्र भाषा न जाणणाऱ्यासही कळते. ऑस्ट्रेलियात शासनाने २००१ मध्ये सार्वजनिक शौचालयांचा राष्ट्रीय नकाशा सुरू केला असून त्यात निचरा-केंद्रेही दर्शविली जातात. एरवी ही केंद्रे महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळांवर, राज्य उद्यानांत, तळ ठोकण्याच्या जागांवर, काही पेट्रोल पंपांवर, छोट्या गावांच्या जत्रेच्या मैदानाशेजारी किंवा मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या फाटकाशी आढळतात.

यादी मात्र पाहता पाहता जुनी होते. अमेरिकेच्या उत्तर भागात थंडीत नळ गोठतात, म्हणून कित्येक केंद्रे हिवाळ्यात बंद ठेवावी लागतात. काही ठिकाणी लोकांनी कचरा व चिंध्या टाकून तोंड तुंबविल्याने केंद्र कायमचे बंद करावे लागते. म्हणून अनुभवी प्रवासी टाकी काठोकाठ भरण्याची वाट पाहत नाही. वाटेतील दोन केंद्रे तो आधीच टिपून ठेवतो आणि पहिले बंद असल्यास दुसऱ्यापर्यंत पोहोचता येईल एवढी जागा टाकीत राखतो.

नलारबोरची वाट

या हिशेबाचे महत्त्व ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत जाणाऱ्या एअर महामार्गावर उत्तम प्रकारे दिसून येते. १८४१ मध्ये हा निर्जल प्रदेश पार करणारा प्रवासी एडवर्ड जॉन एअर याचे नाव या मार्गास दिलेले आहे. १९७६ मध्ये त्याचा शेवटचा कच्चा भाग पक्का झाला. पश्चिमेकडील नॉर्समन आणि पूर्वेकडील सेड्यूना या गावांत सुमारे १,२०० किलोमीटरांचे अंतर असून त्यांच्या दरम्यान मोठे गाव नाही. पेट्रोल, भोजन व मुक्काम यांची सोय असणारी तुरळक ठाणी तेवढी आहेत. वाटेत एका ठिकाणी तर रस्ता १४६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो.

नलारबोर या लॅटिन मूळाच्या नावाचा अर्थच ‘जेथे झाड नाही’ असा आहे. हे सुमारे दोन लक्ष चौरस किलोमीटरांचे चुनखडीचे पठार आहे. त्यावर नदी नाही. पडलेले पाणी भेगांतून थेट खालच्या गुहांत व भूजलात उतरते. मातीचा जाड थर असता तर मैल्यातील जंतू काही अंशी गाळले गेले असते. चुनखडीच्या भेगांत ते घडत नाही. ओसाड दिसणाऱ्या जागी मैला टाकला तर कोणाचे काय बिघडले, ही समजूत म्हणूनच येथे सर्वांत घातक ठरते.

दिवसाकाठी ४०० किलोमीटर कापणाऱ्या दांपत्यास हे अंतर ओलांडण्यास तीन दिवस लागतात, आणि त्यांची सुटी पेटीही सुमारे तीनच दिवस पुरते. निघताना ती पूर्ण रिकामी असेल, तर पुढील गाव गाठेपर्यंत निभाव लागतो. अर्धी भरलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी सायंकाळीच पेच पडतो. प्रवासाच्या पहिल्या पहाटे घेतलेली दहा मिनिटांची दक्षता अशा रीतीने १,२०० किलोमीटरांच्या मुलखाचे रक्षण करते.

खर्च कोणी सोसावयाचा?

केंद्र गावात आणि वापरणारा परगावचा, अशी ही सोय असल्याने खर्चाचा प्रश्न सर्वत्र वादाचा ठरतो. गावकऱ्यांनी कर भरावा आणि वाटसरूने लाभ घ्यावा, हे कोणासही रुचत नाही. यावर तीन देशांनी तीन मार्ग काढले आहेत.

अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यात फिरत्या घराच्या वार्षिक नोंदणीबरोबर मैला-निचरा शुल्क म्हणून तीन डॉलर घेतले जातात. ही रक्कम महामार्गांच्या विश्रांतिस्थळांवरील निचरा-केंद्रांसाठी वेगळी ठेवली जाते. ज्याच्यामुळे खर्च होतो त्यानेच तो थोडाथोडा द्यावा, हे तत्त्व येथे दिसते. ऑस्ट्रेलियात फिरत्या घरांच्या मालकांचा राष्ट्रीय संघ केंद्र उभारण्यास गावांना साहाय्य करतो. निचरा-केंद्र, पिण्याचे पाणी, उभे राहण्यास जागा अशा सोयी करणाऱ्या गावास तो ‘स्नेही गाव’ म्हणून मान्यता देतो. प्रवासी तेथे थांबतात, वाणसामान व पेट्रोल घेतात आणि गावाचा खर्च दुसऱ्या वाटेने भरून निघतो. न्यूझीलंडने वाहनावरच जबाबदारी टाकली आहे. २०२३ च्या कायद्यान्वये, स्थानिक संस्थेच्या जागेवर मुक्काम करणाऱ्या वाहनात पक्का बसविलेला संडास असणे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळविणे ही सर्वसाधारण अट झाली. प्रमाणित वाहनास पाणी व मैला किमान तीन दिवस सामावता आले पाहिजे.

मैला पुढे कोठे जातो?

केंद्राच्या तोंडात मैला पडला म्हणजे काम संपले, असे प्रवाशास वाटते. व्यवस्थापकाचे काम मात्र तेथून सुरू होते. सेप्टिक टाकी किंवा प्रक्रिया तळी ही सूक्ष्म जिवाणूंच्या बळावर चालतात. हे जिवाणू मैल्याचे विघटन करतात. परंतु दुर्गंधी दडपण्यासाठी प्रवासी जी रसायने वापरतात, त्यांपैकी फॉर्माल्डिहाइडयुक्त द्रव्ये जिवाणूंनाच मारतात. मोठ्या शहराच्या केंद्रात हे विष विरून जाते. पाच-सातशे वस्तीच्या गावातील लहान टाकीत सुटीच्या हंगामात रोज पंधरावीस गाड्यांनी असा दाट मैला ओतला, तर टाकीचे काम मंदावते आणि न कुजलेला गाळ शोषखड्ड्यापर्यंत पोहोचून त्याची छिद्रे बुजवितो. म्हणूनच जाणत्या संस्था गाड्यांचा मैला वेगळ्या टाकीत घेऊन थोडाथोडा सोडतात, अथवा टँकरने मोठ्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवितात. जिवाणूंस अपाय न करणारी द्रव्ये वापरण्याचा आग्रहही धरला जातो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले असून त्यात अशी वाहने आणि ती उभी करण्याची उद्याने या दोहोंचा विचार आहे. फिरत्या घरांची संख्या राज्यात अल्प असली, तरी त्यांच्या निमित्ताने पुढे येणारा प्रश्न नवा नाही. गावोगावच्या सेप्टिक टाक्यांतून टँकरने उपसला जाणारा मैला, पालखी मार्गांवर उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फिरत्या शौचालयांतील मैला आणि कॅरॅव्हॅनमधील मैला यांची जात एकच आहे. या तिन्हींस अधिकृतपणे रिकामे होण्यासाठी ठाऊक असलेली, जवळची आणि प्रक्रियेशी जोडलेली जागा हवी. ती नसेल, तर टँकर रात्री ओढ्याकाठी रिकामा होतो आणि खालच्या गावच्या विहिरीस त्याचे फळ भोगावे लागते.

या दिशेने राज्यात पावले पडलेली आहेत. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ पासून, तक्रार येण्याची वाट न पाहता, ठरलेल्या क्रमाने घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्यास मैला-गाळ प्रक्रियेची जोड दिली. टाकीत माणूस उतरवून धोकादायक रीतीने सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली आहे. नवे निचरा-केंद्र आखताना याचा विसर पडता कामा नये. तेथील तुंबलेला नळ अखेर यंत्रानेच साफ व्हावयास हवा.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतीकडे कॅरॅव्हॅन उद्यानाचा प्रस्ताव आला, तर चौथरा कोठे बांधावा याआधी काही प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. येथून मैला कोणत्या प्रक्रिया केंद्राकडे जाणार? ते किती दूर आहे आणि त्याची क्षमता किती? टँकरच्या फेऱ्यांचा खर्च शुल्कातून निघेल काय? पिण्याच्या पाण्याचा नळ पुरेसा दूर आहे काय? विहीर व ओढा उताराच्या वरच्या अंगास आहेत की खालच्या? केंद्राचा फलक परक्या वाटसरूस रात्री दिसेल काय? शाळेतील शिक्षकांनी गावाचा उतार, विहिरी आणि टाक्या दाखविणारा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घेतला, तर यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे गावासमोर आपोआप येतील.

निचरा-केंद्र ही दिसावयास क्षुल्लक वस्तू आहे. थोडे काँक्रीट, एक झाकण आणि एक फलक एवढ्यात ती उभी राहते. परंतु तिच्यामागे वाहनचालकाची शिस्त, अचूक माहिती, खर्चाची न्याय्य वाटणी आणि प्रक्रियेची सोय अशी साखळी असावी लागते. या साखळीतील एक कडी तुटली, तरी मैला अखेर कोणाच्या तरी पाण्यात जातो. ती अखंड राहिली, तर वाटसरू निश्चिंतपणे पुढे जातो आणि ज्या गावाने त्यास आसरा दिला, त्या गावाचे पाणीही निर्मळ राहते.