रानातील बिनकुलपाची पेटी

व्यापाऱ्याच्या घरात पेटी म्हटली की कुलूप आलेच. सांगलीच्या आमच्या हळदीच्या आडत दुकानातील गल्ल्याची किल्ली आधी वडिलांच्या कमरेला असे, पुढे ती माझ्याकडे आली आणि आता मुलाकडे गेली आहे. त्यामुळे जून महिन्यात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लेकीकडे मुक्कामास असताना दहा वर्षांच्या नातीने सांगितलेली गोष्ट मला प्रथम पटलीच नाही. ‘‘आजोबा, इथल्या रानात एक पेटी आहे. तिला कुलूप नाही, राखणदार नाही, आणि ती कुणीही उघडली तरी चालते.’’

‘‘मग ती चोरीला कशी जात नाही?’’ मी विचारले.

‘‘आधी सापडायला तर हवी ना!’’ नात म्हणाली.

या छंदाला ‘लेटरबॉक्सिंग’ असे नाव आहे. त्याचा उगम इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या पठारावर झाला. तेथे क्रॅनमीर नावाचे एक दुर्गम ठिकाण आहे. त्याला तळे म्हणत असले, तरी प्रत्यक्षात ती पाणथळ मातीतील एक खोलगट जागा आहे. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट प्रवाशांना तेथवर नेत असे. १८५४ साली त्याने तेथे एक बाटली ठेवली, हेतू एवढाच की, इतकी पायपीट करून आलेल्याने आपल्या नावाची चिठ्ठी मागे ठेवावी. पुढे लोक तेथे पत्ता लिहिलेली पत्रे ठेवू लागले. नंतर येणाऱ्या अनोळखी प्रवाशाने ती उचलायची आणि परतल्यावर टपालात टाकायची, असा रिवाज पडला. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यातूनच आले. १९३७ साली क्रॅनमीर येथे दगडी बांधणीची कायमची पेटी झाली. पुढच्याच वर्षी, डार्टमूरवर आयुष्यभर लेखन करणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ त्याच पठारावर आणखी एक पेटी बसविण्यात आली. आज तेथील पेट्यांची संख्या हजारांत आहे. अमेरिकेत हा छंद फोफावला तो मात्र १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ या नियतकालिकात त्यावर लेख आल्यानंतर.

खेळाची रीत सोपी आहे. पेटी म्हणजे बहुधा घट्ट झाकणाचा साधा डबा. त्यात एक नोंदवही आणि एक रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्यानेही स्वतःची वही, स्वतःचा शिक्का आणि शाईची गादी बरोबर न्यावयाची. पेटी सापडली की आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा, तिचा शिक्का आपल्या वहीत घ्यायचा, तारीख लिहायची आणि पेटी होती तशी, होती तेथेच लपवून ठेवायची. न्यायचे काही नसते, मिळते ती केवळ एक खूण. आपल्या भाषेत बोलायचे तर दोन्हीकडच्या वह्यांत एकाच व्यवहाराची नोंद पडते आणि हिशेब जुळतो.

शिक्का बाजारातून आणण्यापेक्षा स्वतः कोरण्याची प्रथा आहे. नातीने खोडरबरावर माझ्यासाठी हळकुंड कोरले. ते छापल्यावर आल्यासारखे दिसू लागले, तेव्हा घरात बराच वेळ हशा झाला. स्वतःच्या शिक्क्यावर तिने ‘र’ हे अक्षर कोरले होते, पण शिक्क्यावर अक्षर उलटे कोरावे लागते हे तिच्या ध्यानात आले नव्हते. तो ‘र’ पुन्हा कोरावा लागला.

कनेक्टिकटने १९०३ साली सरकारी वनासाठी जमीन घेण्यास आरंभ केला. त्यातून उभे राहिलेले मेशोमॅसिक हे न्यू इंग्लंड प्रदेशातील पहिले राज्यवन होय. राज्याच्या वनखात्यानेच आपल्या वनांत अशा पेट्या ठेवल्या आहेत. तेथील रानात शिरल्यावर मला सर्वाधिक आश्चर्य वाटले ते दगडी गडग्यांचे. घनदाट झाडीतून, कोठे वस्ती नसताना, चुन्यावाचून रचलेले गडगे मैलोगणती धावत असतात. लेकीने उलगडा केला. एकेकाळी ही सारी शेती होती. शेतकऱ्यांनी जमिनीतले दगड वेचून बांध घातले. एकोणिसाव्या शतकात सुपीक जमिनीच्या आणि कारखान्यांतील कामाच्या शोधात माणसे निघून गेली, रान परत आले आणि गडगे तेवढे उरले.

निघण्यापूर्वी जावयांनी सर्वांना फिकट रंगाचे पूर्ण कपडे घालावयास लावले आणि विजारी मोज्यांत खोचायला सांगितल्या. त्या रानात गोचीड फार. तिच्या दंशाने होणाऱ्या ‘लाइम’ आजाराला याच राज्यातील लाइम गावाचे नाव मिळालेले आहे. पायवाटेच्या मध्यातून चालणे आणि घरी परतल्यावर अंग तपासणे हाच त्यावरचा उत्तम उपाय. त्यात माणूसही सुरक्षित राहतो आणि जीवही मारावा लागत नाही.

पेटीच्या सूचना कागदावर होत्या. जागा ओळखू येऊ नये म्हणून थोडा फेरफार करून देतो. झऱ्यावरचा लाकडी साकव ओलांडा. दोन गडगे मिळतात त्या कोपऱ्यावर उभे राहा. होकायंत्राने ९० अंश धरून शंभर पावले जा. तीन खोडांच्या बर्चमागील खडकात पाहा. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच नातलग. ज्याच्या सालीवर आपल्या देशात ग्रंथ लिहिले गेले, त्याचा पांढरा भाऊबंद दुसऱ्या खंडात वाटाड्या व्हावा, याचे मला कौतुक वाटले.

साकव आला, कोपराही सापडला. जावयांनी मोबाइलमधील होकायंत्र धरले आणि आम्ही शंभर पावले मोजली. तेथे ना बर्च, ना खडक. फुललेल्या माउंटन लॉरेलची झुडपे तेवढी होती. अर्धा तास गेला. माझा धीर सुटला आणि मी दिसेल तो ओंडका उलटवू लागलो. एका ओंडक्याखाली बोटाएवढा, पालीसारखा दिसणारा, पाठीवर तांबडा पट्टा असलेला जीव निपचित होता. नातीने माझा हात धरला. ‘‘आजोबा, नको. तो सॅलमँडर आहे. त्याला फुप्फुसे नसतात, तो ओल्या कातडीतून श्वास घेतो. ओंडका होता तसा ठेवा.’’ चार हात पुढची जमीन न्याहाळत चालावे, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी ती मला नातीने पुन्हा दिली. मी ओंडका हलक्या हाताने होता तसा ठेवला.

चूक जावयांच्या ध्यानात आली. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवीत नाही, चुंबकीय उत्तर दाखविते. आपल्या महाराष्ट्रात या दोहोंतील फरक नगण्य आहे. कनेक्टिकटमध्ये तो सुमारे १३ अंशांचा आहे. सूचना साध्या होकायंत्रावरून लिहिलेल्या होत्या आणि मोबाइल भौगोलिक उत्तर धरून चालला होता. १३ अंशांची चूक शंभर पावलांनंतर बावीस-तेवीस पावलांची होते. आम्ही तेवढे उजवीकडे भरकटलो होतो. कोपऱ्यावर परतून नातीच्या साध्या होकायंत्राने पुन्हा मोजणी केली, तेव्हा शंभराव्या पावलाच्या अलीकडेच तीन पांढरी खोडे समोर उभी राहिली.

खडकाच्या फटीत डबा होता, परंतु लपविलेला नव्हता. झाकण अर्धे उघडे, आत पावसाचे पाणी साचलेले. शिक्का छोट्या पिशवीत असल्याने वाचला होता. वही मात्र लगदा होण्याच्या बेतात होती, पानापानांवर शाई ओघळली होती. आमच्या आधी आलेल्या कोणी तरी झाकण नीट लावले नव्हते. वाईट हेतू नसेल. घाई असेल, अंधार पडत आला असेल. पण एका हाताच्या हयगयीने कित्येकांच्या नोंदी पाण्यात गेल्या होत्या.

नात रडवेली झाली. म्हणाली, ‘‘शिक्का तरी घरी नेऊया. इथे तोही खराब होईल.’’ तिचा भाव चांगला होता, तरी मी नको म्हटले. मालकाला न विचारता सांभाळायला नेलेली वस्तूदेखील नेलेलीच असते. आम्ही पाणी काढले, डबा पुसला, नातीच्या वहीत शिक्का घेतला, झाकण घट्ट लावले आणि दगड व पाचोळ्याआड डबा लपविला. घरी आल्यावर लेकीने पेटी ठेवणाऱ्याला सारी हकिगत कळविली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. कधीही न भेटलेल्या त्या व्यक्तीने आभार मानून विचारले होते की, वही घरी नेऊन वाळवता येईल काय, आणि जमल्यास नवी वही ठेवाल काय. त्या संध्याकाळी आम्ही वही आणली.

ओली वही कशी वाळवायची हे मला ठाऊक होते, आणि ते कोणत्या पुस्तकातून शिकलेलो नव्हतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरले. माल गेला त्याचे दुःख होतेच, पण रोजकीर्द आणि खतावण्या भिजल्या तेव्हा हात-पाय गळाले. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, सारे त्या पानांत. पंधरा दिवस घरातील सर्वांनी पाने सोडविली. पुष्कळ आकडे पुसले गेले. तरीही शेतकरी आणि व्यापारी आपण होऊन आले आणि आपापली येणी-देणी सांगून गेले. आमच्या वहीत जे उरले नव्हते, ते लोकांच्या सचोटीत उरले होते. पत म्हणजे काय, हे मला त्या पंधरवड्यात कळले.

नातीला मी तीच रीत दाखविली. भिजलेली पाने ओढायची नाहीत. चार-चार पानांमध्ये कोरा, शाई शोषणारा कागद घालायचा आणि तो दर काही तासांनी बदलायचा. उन्हात ठेवायचे नाही, पंख्याखाली सावलीत ठेवायचे. पाने कोरडी झाली की सपाट वजनाखाली दाबायची. हे करता करता मी तिला महापुराची गोष्ट सांगितली. आजवर ती ‘आजोबांच्या दुकानाविषयी’ कंटाळून ऐकत असे. त्या चार दिवसांत तिनेच प्रश्न विचारले. ‘‘तुम्ही त्यांच्यावर विश्वास का ठेवला?’’ याचे उत्तर तिने वाळत घातलेल्या वहीतच होते. पुढच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवल्यावाचून पेरटलाही बाटली ठेवता आली नसती.

रविवारी आम्ही जुनी वही, नवी वही आणि दोन्ही वह्यांसाठी जाड पिशवी घेऊन गेलो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर सुलटा ‘र’ उमटला, त्याशेजारी आल्यासारखे दिसणारे हळकुंड. झाकण मी लावले. नातीने ते तपासले आणि पुन्हा एकदा दाबले.

आपल्याकडे सुट्टीत मुलांसाठी असा खेळ मांडावयाचा असेल, तर स्वतःच्या शेतात, मळ्यात किंवा शाळेच्या आवारात मांडावा. राखीव वनात आणि गडकिल्ल्यांवर परवानगीवाचून काही ठेवू नये. खणू नये, जुना गडगा वा वास्तूचा दगड हलवू नये, झाडाला खिळा मारू नये. इतर वाटसरू दूर गेल्याखेरीज पेटी काढू नये. आणि मुलांना शोधण्याइतकेच लक्ष ठेवण्याकडे द्यावयास शिकवावे. सापडल्याचा आनंद सर्वांनाच होतो, पण पेटी टिकते ती शेवटच्या माणसाने झाकण नीट लावले म्हणून.

सांगलीला परतल्यावर मी दुकानात गेलो. मुलाने सवयीने गल्ल्याला कुलूप घातले. कुलूप असावेच, त्याबद्दल माझे दुमत नाही. परंतु आपली पेढी तीन पिढ्या चालली ती त्या कुलपाच्या बळावर नव्हे, हे त्याला सांगावेसे वाटले, आणि मी त्याला जवळ बसवून रानातल्या पेटीची ही हकिगत सांगितली.