शिजवलं म्हणजे विष गेलं?

‘मासा ताजा आहे, नीट शिजवलाय, वर कोकमही घातलंय, मग भीती कसली?’ जंतूंपुरता हा भरवसा बराचसा खरा आहे. पण काही समुद्री जीवांतलं विष चुलीवर मरत नाही.

आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारा, डिवचला की टम्म फुगणारा केंड घ्या. त्याच्या यकृतात आणि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन साठलेलं असतं. ते उकळून, तळून, सुकवून किंवा गोठवून जात नाही. त्याला चव नाही, वास नाही. त्यामुळे आधी थोडं चाखून बघण्यात अर्थ नाही. आतडी काढली की झालं, हेही खरं नाही. अनेक जातींच्या कातडीत आणि काहींच्या मांसातही विष असतं. २००८ मध्ये बांगलादेशात असे मासे खाऊन एप्रिल ते जून या काळात १४१ जणांना विषबाधा झाली, त्यांतले १७ दगावले.

‘सवयीच्या खवय्याला बाधत नाही’ हा समज तर जिवावर बेततो. जपानचे नामवंत काबुकी अभिनेते बांदो मित्सुगोरो (आठवे) १९७५ मध्ये क्योतोत याच कुळातल्या फुगू माशाचं यकृत खाऊन गेले.

आधी ओठ आणि जिभेला मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस बोलू शकत नसला तरी अनेकदा शुद्धीवर असतो, म्हणून त्याच्याशी धीराने बोलत राहा. या विषावर उतारा नाही. मात्र वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर शरीर विष बाहेर टाकतं आणि रुग्ण वाचू शकतो.

शिंपल्यांचं विष वेगळं. ते सूक्ष्म शैवालांतून येतं आणि तेही शिजवून जात नाही. १९९७ मध्ये केरळच्या विळिंजमला शिंपले खाऊन सात जणांचा मृत्यू झाला.

आणि ‘बांगड्याची अ‍ॅलर्जी’? एकाच पंगतीतल्या चौघांचे चेहरे तासाभरात लाल झाले, डोकी ठणकली, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे. बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. तळल्यावर जिवाणू मरतात, हिस्टामिन उरतं. म्हणून बर्फ होडीपासूनच हवा.

मासे किंवा शिंपले खाल्ल्यावर ओठ बधिर झाले, तर मिठाचं पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि उरलेला मासा सोबत न्या.