पिशव्यांची लाइन नेमकी कुठे अडते?

सकाळच्या चहासाठी दुधाची पिशवी कापताना ती रोज वेळेवर कशी येते, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? वाराणसीजवळच्या करखियांव इथल्या बनास काशी संकुल या डेअरीचंच पाहा. २३ डिसेंबर २०२१ रोजी तिची पायाभरणी झाली, तेव्हा दिवसाला ५ लाख लिटर दुधावर प्रक्रिया करण्याची योजना होती. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी तिचं उद्घाटन झालं. समजा, एवढं सगळं दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं ठरवलं, तर रोज १० लाख पिशव्या होतील! चोवीस तास न थांबता काम चाललं, तरी मिनिटाला सुमारे ७००.

अशा डेअरीत प्लास्टिकचा रोल नळीसारखा वळतो, उभी कड चिकटते, दूध पडतं आणि आडवं सील बसून पिशवी सुटी होते. पुढे पिशव्या क्रेटमध्ये, क्रेट शीतगृहात आणि तिथून गाडीत. दूध नाशवंत असल्यामुळे यातली एकही पायरी रेंगाळून चालत नाही.

मग माल कमी निघाला, तर काय करायचं? बहुतेक ठिकाणी पहिला हुकूम सुटतो, ‘‘मशीनचा वेग वाढवा, हात चालवा!’’ पण जरा स्वयंपाकघरात डोकावून बघा. तिघीजणी पोळ्या लाटताहेत आणि तवा एकच आहे. लाटायला चौथी बसवली, तर पोळ्या लवकर होतील का? नाही. फक्त कच्च्या पोळ्यांचा ढीग वाढेल. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या कादंबरीतून हेच सांगितलं: सगळ्या कारखान्याचा वेग सर्वांत अडणारा टप्पा ठरवतो. धुतलेले क्रेट वेळेवर येत नसतील, तर पिशव्या भरणाऱ्या मशीनचा वेग वाढवून काहीच हाती लागत नाही.

हा टप्पा शोधणं अवघड नाही. माल कुठे साठतो आणि त्याच्या पुढची माणसं कुठे रिकामी उभी राहतात, ते पाहा. मग तीन गोष्टी मोजा: मशीन किती वेळ चालली, किती वेगाने चालली आणि चांगल्या पिशव्या किती निघाल्या. तिन्ही आकडे ९० टक्के असले, तर छान वाटतं. पण त्यांचा गुणाकार करा, हाती जेमतेम ७३ टक्के उरतात!

उपाय बरेचदा साधे असतात. जपानचे शिगेओ शिंगो सांगत, मशीन बंद ठेवूनच करायची कामं आणि ती चालू असताना उरकता येणारी कामं वेगळी करा. पुढचा रोल आधीच जवळ आणून ठेवला, तर तो शोधण्यात मशीन थांबत नाही. सीलचं तापमान ठरावीक वेळाने तपासलं, तर गळक्या पिशव्या कमी होतात.

तुम्ही घरी मसाले, पापड किंवा लाडू पॅक करत असाल, तरी हे लागू पडतं. एक दिवस घड्याळ घेऊन बसा आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ लिहा. मदतीला येणाऱ्या ताईंना ‘‘भराभर करा’’ म्हणण्याआधी ‘‘तुमचं काम कुठे अडतं?’’ असं विचारा. कदाचित त्या लेबलांची वाट पाहत बसलेल्या असतील.